तलाव उणे पंधरा! : मॉडेलमध्ये बंधनं का आणि कुठे घालायची



संगणकावर एखाद्या व्यवस्थेचं मॉडेल बनवायचं म्हटलं की आपण लगेच सूत्रांकडे धावतो. काय वाढतं, काय घटतं, कशात काय मिळवायचं. ते बरोबरच आहे. पण मॉडेलचा अर्धा जीव सूत्रांत असतो आणि उरलेला अर्धा बंधनांत. बंधन म्हणजे 'काहीही झालं तरी हे असंच राहिलं पाहिजे' असं मॉडेलला बजावून सांगणं. इंग्रजीत याला कन्स्ट्रेंट म्हणतात. मराठीत आपल्याकडे तीन शब्द आहेत: मर्यादा, अट आणि बंधन. तिन्हींच्या अर्थात थोडा थोडा फरक आहे आणि तो फरक पुढे आपल्या कामाला येणार आहे.

खरं तर आपण शिक्षक बंधनांशी रोजच झटापट करतो. वेळापत्रक घ्या. 'एक शिक्षक एका तासाला एकाच वर्गावर' हे वेळापत्रकाच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमधलं पहिलं बंधन. आपल्या देवरी-सालेकसा भागातल्या द्विशिक्षकी शाळेचं वेळापत्रक त्या सॉफ्टवेअरला दिलं तर ते हात जोडून 'उत्तर सापडत नाही' म्हणेल, कारण तिथे एक गुरुजी एकाच तासाला दोन-तीन वर्ग सांभाळतात. म्हणजे चूक सॉफ्टवेअरची नाही आणि गुरुजींचीही नाही. मॉडेलमधलं बंधन आणि गावातलं वास्तव वेगळं आहे, एवढंच.

पण आज वेळापत्रक नको. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेली गोष्ट घेऊ: मामा तलाव.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाने हे तलाव बांधण्यात मोठं नाव कमावलं. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलावही कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'मालगुजारी'च्या आधी 'माजी' लागलं. मुलांना हे नाव असं का पडलं ते विचारा. बरीच मुलं 'कोणाच्या तरी मामाने बांधला असेल' म्हणतील. सांगून टाका, तोही इतिहासाचा तास होतो.

आता एक काल्पनिक मामा तलाव घेऊ. दहा हेक्टर पसारा, सरासरी दोन मीटर खोली. क्षमता किती? दहा हेक्टर म्हणजे १ लाख चौरस मीटर, गुणिले दोन, म्हणजे २ लाख घनमीटर. आपण 'हजार घनमीटर' हे एकक धरू, म्हणजे क्षमता २००. हे आणि पुढचे सगळे आकडे शिकवण्यासाठी सोपे करून घेतले आहेत. तुमच्या गावच्या तलावाचे आकडे वेगळे असतील, आणि तेच वापरले तर मजा जास्त.

लिब्रे ऑफिस कॅल्क किंवा एक्सेल उघडा. बारा ओळी, जून ते मे. प्रत्येक ओळीत आधीची शिल्लक, येवा (म्हणजे तलावात आलेलं पाणी), घट (बाष्पीभवन आणि पाझर), सिंचन, आणि शेवटी नवी शिल्लक. सूत्र अगदी दुकानदाराच्या वहीसारखं: आधीची शिल्लक अधिक येवा, उणे घट, उणे सिंचन. हीच नवी शिल्लक पुढच्या महिन्याची आधीची शिल्लक होते. असा 'साठा आणि प्रवाह' वापरून व्यवस्थेचा अभ्यास करण्याची पद्धत अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केली.

आकडे भरा. जूनच्या सुरुवातीला तलावात २०. येवा असा: जून २०, जुलै १००, ऑगस्ट ११०, सप्टेंबर ५०, ऑक्टोबर १०. त्यानंतर शून्य. घट जून ते ऑक्टोबर दरमहा ५, नोव्हेंबर ते फेब्रुवारी १०, मार्च ते मे १५. खरिपाच्या धानाला शेवटी पाणी कमी पडतं, म्हणून सप्टेंबरला २० आणि ऑक्टोबरला ६० सोडलं. मग उन्हाळी धान. एकराला एकूण ५ हजार घनमीटर पाणी लागतं असं धरू: फेब्रुवारीत दीड, मार्चमध्ये दोन, एप्रिलमध्ये दीड. गावाने ३० एकर उन्हाळी धान लावायचं ठरवलं. म्हणजे सिंचन फेब्रुवारी ४५, मार्च ६०, एप्रिल ४५.

सूत्र खाली ओढा आणि शिल्लक बघा. ऑगस्टअखेर २३५. सप्टेंबरअखेर २६०. अहो, तलावच २०० चा आहे! पाळीवरून वर साठ हजार घनमीटर पाणी हवेत उभं आहे. पुढे जा. एप्रिलअखेर उणे १५, मेअखेर उणे ३०. उणे पंधरा म्हणजे काय? तलावाने पाणी उधार आणलं? कोणाकडून?

संगणकाला तलाव माहीत नाही. त्याला बेरीज-वजाबाकी माहीत आहे. बँकेतल्या कर्जाचं आणि तलावातल्या पाण्याचं गणित त्याच्यासाठी सारखंच. तलाव उणे होत नाही आणि पाळीपेक्षा उंच होत नाही, हे आपल्यालाच सांगावं लागतं. हीच दोन बंधनं.

पहिलं बंधन वरचं. शिल्लक २०० च्या पुढे जायची नाही. ठीक, पण जास्तीचं पाणी जातं कुठे? मुलांना विचारलं की कोणीतरी लगेच 'सांडव्यावरून' म्हणेल. मग मॉडेलमध्ये 'सांडवा' नावाचा वेगळा रकाना हवा: हिशोबाने येणारी शिल्लक उणे २००, आणि ती संख्या ऋण आली तर शून्य. हे काम 'मॅक्स' नावाचं फंक्शन करतं. आता ऑगस्टला सांडव्यावरून ३५ गेलं, शिल्लक २००. सप्टेंबरला २५ गेलं, शिल्लक पुन्हा २००. ऑक्टोबरअखेर १४५. जानेवारीअखेर ११५.

बघा, फरक कुठे पडला ते. बंधन नसताना जानेवारीअखेर तलावात १७५ दिसत होतं. बंधन घातल्यावर ११५. पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून गेलेलं साठ उन्हाळ्यापर्यंत कागदावर जिवंत होतं, आणि त्याच्या भरवशावर कोणीतरी ३० एकर रोवणी ठरवली असती. आता तेच ३० एकर ठेवले तर फेब्रुवारीअखेर ६०, मार्चअखेर उणे १५, एप्रिलअखेर उणे ७५, मेअखेर उणे ९०.

मग दुसरं बंधन: शिल्लक शून्याच्या खाली नको. इथे जरा थांबा, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. सगळ्यांत सोपा उपाय असा सुचतो की शिल्लकेच्या सूत्रालाही 'मॅक्स' लावायचा. ऋण आलं की शून्य दाखव. लावून बघा. फेब्रुवारी ६०, मार्च ०, एप्रिल ०, मे ०. लाल आकडे गेले, तक्ता कसा स्वच्छ दिसतो!

पण सिंचनाच्या रकान्यात मार्चचे ६० आणि एप्रिलचे ४५ तसेच बसून आहेत. मॉडेल सांगतंय की तलाव आटला तरी धानाला पूर्ण पाणी मिळालं. मुलांना वर्षाचा ताळा करायला सांगा. सुरुवातीचे २० आणि येवा २९०, मिळून ३१० आलं. गेलं किती? घट ११०, सांडवा ६०, खरिपाचं सिंचन ८०, उन्हाळी १५०. बेरीज ४००. आलं ३१०, गेलं ४००, आणि शिल्लक शून्य! नव्वद हजार घनमीटर पाणी आकाशातून पडलं. त्यातलं साठ पिकाला दिल्याचं दाखवलं, आणि तीस कोरड्या तलावातून वाफ होऊन गेल्याचं.

माझ्या मते या सबंध विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बंधन साठ्यावर नुसतं चिकटवलं तर चूक झाकली जाते. बंधन प्रवाहावर घालायला हवं: तलावात जेवढं आहे, त्यापेक्षा जास्त बाहेर काढता येत नाही. म्हणजे 'मागितलेलं सिंचन' आणि 'मिळालेलं सिंचन' असे दोन रकाने करायचे. मिळालेलं म्हणजे मागितलेलं आणि उपलब्ध असलेलं, या दोनांतलं लहान. इथे 'मिन' फंक्शन. घटीलाही तीच अट. आता मार्चमध्ये ६० मागितले, ४५ मिळाले. एप्रिलमध्ये ४५ मागितले, शून्य मिळालं. हे चित्र शेतकऱ्याच्या ओळखीचं आहे. धान पोटरीत आलं आणि पाणी संपलं.

साठे-प्रवाहांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्येही हाच पेच आहे. स्टेला नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये साठ्याला 'नॉन-निगेटिव्ह' अशी खूण करता येते. ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या इनसाइट मेकरमध्ये साठा ऋण होऊ द्यायचा की नाही हे ठरवता येतं, आणि एखाद्या राशीची किमान-कमाल मर्यादाही लिहिता येते. दोन्हींत स्वभावाचा फरक आहे. पहिल्या प्रकारचं बंधन गुपचूप दुरुस्ती करतं. दुसऱ्या प्रकारचं बंधन मोडलं की ओरडतं. शिकवताना आधी ओरडणारं वापरा. मुलाला उणे पंधरा दिसू द्या, त्यावर हसू द्या, भांडू द्या. गुपचूप दुरुस्त करणारी खूण सुरुवातीलाच लावली तर आपलं मॉडेल चुकलंय हे त्याला कळणारच नाही.

आता उलटा प्रश्न. ३० एकर झेपत नाहीत, मग किती झेपतात?

हे संगणकाकडूनच काढून घेऊ. कॅल्कमध्ये टूल्स मेनूत सॉल्व्हर आहे. एक्सेलमध्ये तो अ‍ॅड-इन म्हणून सुरू करावा लागतो. सॉल्व्हरला तीन गोष्टी सांगायच्या: काय जास्तीत जास्त हवं (एकर), कोणती पेटी बदलायची मुभा आहे (तीही एकरांचीच), आणि कोणत्या अटी पाळायच्या. एक तांत्रिक सूचना: सॉल्व्हर वापरताना फेब्रुवारी ते मे या ओळींत मिन-मॅक्स ठेवू नका. साधी वजाबाकी ठेवा आणि 'शिल्लक शून्य किंवा जास्त' ही अट सॉल्व्हरच्याच खिडकीत लिहा. नाहीतर तो 'गणित रेषीय नाही' अशी तक्रार करू शकतो. बारावीच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंग आहे ना, ते हेच. तिथे दोन चलांचा आलेख काढून कोपरे तपासतात, इथे यंत्र तपासतं.

उत्तर येईल १२ एकर. हातानेही पटवून घ्या. जानेवारीअखेर ११५, पुढच्या चार महिन्यांची घट ५५, उरले ६०, भागिले ५.

१२ एकर लावले की मेअखेर तलाव बरोबर शून्य. गणित खूश. पण तलावाकाठी राहणारे?

इथे वर्गात खरी चर्चा सुरू होते. आपल्या वर्गांत शेतकऱ्यांची मुलं असतात तशी ढिवर समाजाचीही असतात. तलावातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. तलाव शून्य झाला तर मासळी गेली. गुरांचं पाणी गेलं. आजूबाजूच्या विहिरी खाली गेल्या. आणि आपल्याच मॉडेलमध्ये जूनच्या सुरुवातीला २० होते, ते पुढच्या जूनला कुठून येणार? म्हणून नवं बंधन: कोणत्याही महिन्याअखेर शिल्लक ३० च्या खाली नको. सॉल्व्हर पुन्हा चालवा. उत्तर ६ एकर. एका अटीने पीक अर्ध्यावर आलं.

हे ३० शून्यापेक्षा वेगळ्या जातीचं आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. 'तलाव शून्याखाली जात नाही' ही निसर्गाची मर्यादा. ती कोणी मतदानाने बदलू शकत नाही. '३० राखून ठेवा' ही माणसांनी घातलेली अट. ती ग्रामसभा ठरवते, वाढवते, मोडतेही. मधला एक प्रकार तर फारच बोलका आहे. तलावाच्या गेटच्या उंबऱ्याखालचं पाणी गेटमधून निघतच नाही. त्याला मृतसाठा म्हणतात. पूर्वी मासळीसाठी पाणी राखायला वेगळी अट लागत नसे, गेटची उंचीच ते काम करायची. मग शेतात डिझेल इंजिन आणि विजेच्या मोटारी आल्या. उंबऱ्याखालचं पाणीही उपसता येऊ लागलं. जी निसर्गाची मर्यादा वाटत होती, ती एका पंपाने माणसांच्या अटीत बदलली. मॉडेलमध्ये आकडा तोच राहतो, पण तो पाळायची जबाबदारी आता गेटवर नाही, गावावर आहे.

अशा अटी आपल्याकडे कागदावरही आहेत. विदर्भातल्या गावांची निस्तार पत्रकं आणि वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी, पाणी, मासेमारी यांवर कोणाचे काय हक्क आणि वहिवाटी आहेत याची नोंद. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही या दोन्हींना जागा आहे. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर ही गावाच्या व्यवस्थेची लिहून ठेवलेली बंधनंच. मोठ्या वर्गांना घेऊन तलाठी कार्यालयात आपल्या गावचं वाजिब-उल-अर्ज बघता आलं तर जरूर बघा. भाषा जुनी आहे, वाचायला वेळ लागतो, पण मुलं गुंगून जातात.

आता समजा पाच कुटुंबं म्हणाली, आम्हाला प्रत्येकी किमान २ एकर तरी लावू द्या. म्हणजे एकर १० किंवा जास्त. ही अट ३० च्या अटीशेजारी लिहा आणि सॉल्व्हर चालवा. तो सांगेल, उत्तर नाही. मुलं म्हणतात 'सर, एरर आला'. तो एरर नाही, ते उत्तर आहे. या सगळ्या अटी एकत्र पाळता येत नाहीत, हेच ते उत्तर. कोणाची अट सैल करायची हे सॉल्व्हर ठरवत नाही. राखीव साठा १० वर आणला तर १० एकर बसतात, पण मेमध्ये मासळीला तळाचं गढूळ पाणी उरतं. कुटुंबांनी प्रत्येकी सव्वा एकरच लावला तरी सव्वासहा होतात. तेही सहापेक्षा पाव एकर जास्तच.

कोणतरी हुशार मुलगी विचारेल, तलावच मोठा केला तर? फार चांगला प्रश्न. गाळ काढला की क्षमता वाढते. राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना त्याचसाठी आहे. क्षमता २०० ऐवजी २४० करा. सांडव्यावरून ६० ऐवजी २० च जाईल, उन्हाळ्याला ४० जास्त उरेल, आणि ३० चा साठा राखूनही १४ एकर बसतील. दहाचीही अट भागली! मग ३०० करू या? करून बघा. १८ एकरांवर गाडी अडते. ३०० करा, ५०० करा, १८ च. कारण त्या वर्षी तलावात जास्तीत जास्त २६० च जमतं. त्यापुढे क्षमतेचं बंधन आहे, पण ते टोचत नाही. आता पाऊस टोचतो. कोणतं बंधन टोचतंय आणि कोणतं नुसतं लिहिलेलं आहे, हे ओळखता आलं की पैसा कुठे घालायचा ते कळतं. जिल्ह्यात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात पाण्याची ओढ का, याचं अर्धं उत्तर या एका तक्त्यात मिळतं.

जाता जाता एक गमतीचं बंधन. राखीव साठा ८० करून सॉल्व्हर चालवा. 'एकर शून्य किंवा जास्त' अशी अट आपण कुठेच लिहिलेली नसेल, तर उत्तर येईल उणे ४ एकर. म्हणजे शेताने तलावाला पाणी परत द्यायचं! माणसाला इतकं उघड वाटतं की लिहायचं सुचतच नाही. अशा न लिहिलेल्या अटी मुलांकडून शोधून घेणं हा स्वतंत्र तास होतो. खारीज केलेले अर्ज, ऑनलाइन फॉर्ममध्ये 'जन्मतारीख चुकीची' म्हणून अडलेली नोंद, वजनाच्या रकान्यात गेलेली उंची, यामागेही हेच असतं. कॅल्कमध्ये डेटा मेनूतल्या व्हॅलिडिटीमधून अशी बंधनं प्रत्येक पेटीला घालता येतात. माहिती भरणाऱ्याला तिथल्या तिथे अडवता येतं.

मोठ्या प्रमाणावर अभियंते हेच काम वेगळ्या साधनांनी करतात. यूएमएल या आकृतिभाषेत बंधन महिरपी कंसात लिहितात, त्यासाठी ओसीएल नावाची खास भाषा आहे, आणि सिसएमएलमध्ये तर 'कन्स्ट्रेंट ब्लॉक' नावाचा वेगळा ठोकळाच असतो, ज्यात सूत्र लिहून ते यंत्राच्या भागांना जोडतात. शाळेत त्याची गरज नाही. ज्याने तलावाचा सांडवा मॉडेलमध्ये घातला, त्याला तो ठोकळा बघताक्षणी ओळखू येईल.

आपल्या मॉडेलमध्ये काही गोष्टी मुद्दाम सोडल्या आहेत. तलाव आटला की पाण्याचा पसारा कमी होतो, त्यामुळे बाष्पीभवनही कमी व्हायला हवं. आपण घट ठरावीक धरली. महिन्याची ओळ धरल्याने एका रात्रीत आलेला पूर दिसत नाही. नववी-दहावीच्या मुलांना यातली एखादी सुधारणा करायला द्या.

पालकांसाठी शेवटचं. घरी लॅपटॉप नसेल तर हे सगळं पाटीवरही होतं. एक पेला तलाव, त्याच्या काठाखाली सांडव्याची खूण, एक चमचा म्हणजे दहा हजार घनमीटर. मुलाला जून ते मे खेळू द्या, घटीसाठी जूनमध्ये अर्धा चमचा, मार्चमध्ये दीड. पेल्यातून पाणी नसताना चमचा भरता येत नाही, त्यामुळे इथे 'उणे पंधरा' येतच नाही. मग त्याला विचारा, वहीत तो आकडा कसा आला?